पायाखालची साळ

मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. ताडकळसच्या अलीकडे एका लहान गावात सरजाबाई राहायची. नवरा लिंबाजी, एक मुलगा आणि त्याच वैशाखात लग्न होऊन आलेली सून पंचफुला, एवढंच घर. मुलगा कालव्याच्या कामावर असायचा, सणावारालाच घरी यायचा. जमीन थोडी आणि काळी. बहुतेक रानात ज्वारी न् कापूस. पण ओढ्याच्या अंगाला एक सखल तुकडा होता. तिथं पावसाचं पाणी जरा जास्त थांबायचं, म्हणून लिंबाजीच्या आज्यापणज्यापासून त्या तुकड्यात साळ, म्हणजे भात, पेरत आले होते.

इकडची साळ कोकणातल्यासारखी चिखल करून लावायची नव्हे. ज्वारीसारखीच तिफणीनं ओळीत पेरायची आणि आभाळाकडं बघत बसायचं. सरजाबाईच्या घरची साळ बुटकी, लालसर टरफलाची, लवकर हाती येणारी. आर्द्रात पेरली की दसऱ्याच्या आसपास कापायला यायची. दाणा काही फार देखणा नव्हता, पण इथला पाऊस कसा रुसतो न् कधी परततो, हे त्या साळीच्या अंगवळणी पडलं होतं. लिंबाजीनं एकदा बाहेरचं दुसरं बी आणून पाहिलं होतं. ते हस्त लागला तरी हिरवंगार, पाणी मागत उभं. पाऊस संपला आणि ते जागच्या जागी वाळलं.

सरजाबाईला वर्षं आकड्यांनी आठवत नसत, साळीनं आठवत. थोरली नणंद गेली त्या साली ऐन फुलोऱ्यात उत्तरेचा पाऊस धो धो पडला आणि लोंब्यांत दाणा भरलाच नाही, नुसती फोलं. मुलगा झाला त्या साली पाऊस बोलावल्यासारखा येत गेला, तेव्हा अंगणात साळ सांडायला जागा पुरली नव्हती. एका साली पीक उभं होतं सोन्यासारखं आणि हस्ताच्या वाऱ्यानं ते लोळवलं, दाण्यांना ओलीत तिथंच मोड आले. जमीन तीच, बी तेच, राबणारे हात तेच. पदरात किती पडायचं ते मात्र वरून ठरायचं. म्हणून ती देवाला फार काही मागत नसे. सकाळी तुळशीला पाणी घालताना फक्त म्हणायची, जे द्यायचं ते वेळेवर दे बाबा.

दुष्काळात तर पेरणीच झाली नाही. गावात ज्यांच्याकडं साळीचं बी होतं त्यांनी ते कांडून खाल्लं. त्यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं, लेकरं उपाशी असली की बी आणि दाणा यांत फरक राहत नाही. सरजाबाईनं मात्र एक मडकंभर बी राखेत कालवून, तोंड शेणमातीनं लिंपून देव्हाऱ्यामागं ठेवलं होतं. उपास तिला नवे नव्हते. सोमवार होता, एकादशी होती, चतुर्थी होती. दुष्काळानं मला काय नवं शिकवलं, वार तेवढे वाढले, असं ती हसून म्हणायची.

आता त्या साळीचं बी आसपासच्या चार गावांत त्या एका मडक्यात उरलं होतं. आर्द्राचा पाऊस झाला आणि तिनं मडकं फोडलं. पीक आलं तर बी परत येणार होतं. नाही आलं तर ही साळ घरातून आणि मुलखातून गेली, असं समजायचं.

लिंबाजी तिफण हाकत होता आणि सरजाबाई चाड्यावर मूठ धरून बी सोडत चालली होती. धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून, थोडं आत एक जुनं वारूळ होतं. नागपंचमीला गावातल्या बाया लाह्या-दूध घेऊन तिथं येत आणि वारुळाभोवती फेर धरून गाणी म्हणत. म्हणून त्याच्या भोवतीची खळ्याएवढी गोल जागा कायम पडीक ठेवायची रीत होती. तिफण तिथं आली की लिंबाजी वळसा घालायचा. ह्या वेळी सरजाबाई म्हणाली की वळसा नको, सरळ चालू द्या. अख्ख्या तुकड्यात तीच जागा सगळ्यांत खोल होती. ओल तिथंच जास्त टिकणार.

लिंबाजीनं बैल थांबवले. नागोबाची जागा आहे, इतकंच तो बोलला. तिनं सांगितलं की पीक आल्यावर पहिला नैवेद्य नागोबालाच दाखवीन, तो काही रागावणार नाही. लिंबाजीनं तिच्याकडं एकदा बघितलं. ज्या गोष्टीची तिला खात्री नसायची, ती गोष्ट ती जरा जास्त समजावून सांगायची, हे त्याला माहीत होतं. पण त्यानं बैल हाकले. तिथली जमीन बायांच्या पायांनी वर्षानुवर्षं तुडवलेली, दगडासारखी. तिफणीचे दात वरच्यावर उड्या मारत गेले आणि बी कसंबसं झाकलं. त्या दिवशी दिवेलागणीला तिनं वारुळापाशी एक पणती लावली. मनाला मात्र बोच राहिली ती राहिलीच.

पाऊस पुष्यापर्यंत चांगला झाला. साळ वितीवर आली. नागपंचमी आली.

पंचफुलाची ही लग्नानंतरची पहिली पंचमी. देवगाव फाट्याच्या पल्याडून तिचा भाऊ न्यायला यायचा होता. पण दुधना नदीला पाणी आलं, एसटी बंद झाली आणि भाऊ आला नाही. पोरगी सकाळपासून चुलीपुढं मान खाली घालून बसली होती. शेजारची मालनबाई बायांचा घोळका घेऊन आली आणि तिनं पंचफुलाच्या हाताला धरून तिला उठवलं. मालनबाईच्या जिभेला हाड नव्हतं, पण मन मोकळं होतं. सरजाबाईनंही सुनेला ताट लावून दिलं, जा म्हणाली. वारुळाभोवती ह्या साली पेरलंय, जपून जा, एवढं सांगायचं होतं. ते तिच्या ओठापर्यंत आलं आणि थांबलं. नागोबाची जागा पेरली हे चारचौघींत कसं सांगावं, याची तिला लाज वाटली.

दुपारी उपासाचं आटोपून ती स्वतः दूध घेऊन निघाली. धुऱ्यावर पोचली तर गाणं ऐकू आलं. पंचफुलाचा आवाज होता. इतका मोकळा आवाज ह्या पोरीच्या गळ्यात आहे हे तिला त्या दिवशी कळलं. वारुळाभोवती वीसेक बायांचा फेर चालला होता. पदर खोचलेले, घोट्याएवढा चिखल, सगळ्या हसत होत्या. आणि पायाखाली साळ.

त्यांचंही काय चुकलं? ती जागा दर साली गवताचीच असायची. कोवळी साळ आणि गवत, वाकून बघितल्याशिवाय वेगळं दिसत नाही.

सरजाबाई आरडाओरडा करणारी बाई नव्हती. गाणं संपेपर्यंत ती उभी राहिली. मग पुढं झाली, वारुळावर दूध वाहिलं आणि सुनेला म्हणाली, "पंचफुला, पायाखाली बघून चालावं गं."

एवढंच बोलली. पण पोरीचा चेहरा दिवा विझावा तसा झाला. मालनबाईनं वाकून एक पात उपटली, बोटांत फिरवून बघितली आणि विचारलं, "नागोबाच्या अंगणात साळ पेरायचं तुला कुणी सांगितलं, सरजा?"

बाया ताटं उचलून गेल्या. संध्याकाळी पंचफुला एकटीच परत वावरात गेली आणि अंधार पडेस्तोवर लवलेली रोपं बोटांनी उभी करत बसली. सरजाबाईनं ते लांबून बघितलं, पण जवळ गेली नाही. त्यानंतर सासू-सुनेत बोलणं राहिलं ते कामापुरतं.

आश्लेषा लागली आणि पावसानं तोंड फिरवलं. रोज ढग यायचे आणि माणसं ओळख न दाखवता जातात तसे वरून निघून जायचे. पश्चिमेचा वारा दिवसभर वाहायचा. वावराला बारीक भेगा पडल्या. आणि साळ पिवळी पडायला लागली. आधी शेंड्याचं कोवळं पान फिकटलं, मग शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, मग तेही गेलं. लांबून बघितलं तर तुकड्यावर हळद शिंपडल्यासारखी दिसायची.

लिंबाजीनं दोन-चार रोपं उपटून मुळं बघितली. काळ्या जमिनीत पावसानं ओढ दिली की साळ अशीच पिवळी होते, हे त्याला नवं नव्हतं. आठ-पंधरा दिवसांत चांगला पाऊस आला तर सावरते. पण मघासुद्धा कोरडीच जाणार असं वाऱ्यावरून दिसत होतं. जेवताना त्यानं सरळ सांगितलं की पोळ्यापर्यंत वाट बघू. पोळा झाला की वखर घालून पीक मोडायचं आणि तुकडा रब्बीच्या ज्वारीला मोकळा करायचा. मागच्या साली कडब्याची एक पेंढीसुद्धा घरात नव्हती, बैलांच्या बरगड्या अजून मोजता येत होत्या. तो वाईट वाटून बोलत होता आणि बरोबर बोलत होता. सरजाबाईनं मान हलवली. भाकरीचा तुकडा मात्र तिच्या हातात तसाच राहिला.

श्रावणातला तिसरा सोमवार होता. महादेवाला बेल वाहून ती वारुळावर पाणी घालायला गेली. पंचमीपासून त्या बाजूला जायचंच ती टाळत होती. धुरा ओलांडला आणि पाय थांबले. सगळा तुकडा पिवळा, आणि वारुळाभोवती हिरवा गोल. फेर धरला होता तेवढाच. रोपं कुठं वाकडी, कुठं मोडून पुन्हा फुटलेली, पण हिरवी. तिनं पदर डोक्यावर ओढून हात जोडले, आणि डोळ्यांतलं पाणी तिला आवरेना. मी तुझी जागा घेतली आणि तू माझं बी राखलंस, असं ती मनात म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी मालनबाईनं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी गावानं. नागोबा पावला म्हणून वारुळापुढं नारळ फुटले. लिंबाजीनंही टोपी काढून नमस्कार केला आणि म्हणाला की तेवढा गोल सोडून बाकीच्यावर वखर घालू. सरजाबाईला ते पटल्यासारखं झालं, पण जीव खाली पडेना. त्या गोलात येऊन येऊन किती येणार? एखादं सूपभर. त्यात उंदीर, पाखरं, आणि पुढं हस्ताचा वारा. एवढ्याशा बियावर पुढची साळ उभी राहायची म्हणजे काचेच्या भांड्यात पाणी घेऊन बाजारातून चालण्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी ती धुऱ्यावर बसली होती. उन्हं तिरपी झाली तेव्हा तिला आणखी एक दिसलं. हिरवं फक्त गोलात नव्हतं. गोलापासून धुऱ्यापर्यंत हिरव्याची एक अरुंद पट्टी आली होती, कुणी दोरी टाकावी तशी. आणि डाव्या हाताला, वारुळापासून बरंच लांब, चटईएवढा एक हिरवा तुकडा होता. तिथं नागोबा नव्हता, कुणी दूध वाहिलं नव्हतं, की दिवा लावला नव्हता.

उजेड आहे तोवरच ती उठली. मग घरी गेली आणि पंचफुलाला म्हणाली, जरा माझ्याबरोबर चल.

पंचफुला घाबरतच आली. तिला वाटलं, आता पुन्हा तेच निघणार. धुऱ्यावर उभी करून सरजाबाईनं विचारलं की पंचमीला बाया कुठून आत आल्या होत्या. पंचफुलानं बोट दाखवलं. बरोबर हिरव्या पट्टीवर. मग विचारलं, ताटं कुठं ठेवली होती, म्हाताऱ्या कुठं बसल्या होत्या. पोरीनं डावीकडं बोट केलं, आणि बोट हवेत तसंच राहिलं. तिलाही दिसलं होतं.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "जितं जितं पाय पडले, तितं हिरवं हाय."

"व्हय."

"मंग समद्या वावरात पाय फिरवले तर?"

सरजाबाईनं सुनेकडं बघितलं. हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं, पण ते बोलायचं धाडस ह्या पोरीनं केलं. ती म्हणाली, "मी तुला पंचमीला बोलले ते चुकलं माझं. हाव मी केली, जागा मी पेरली, आन बोल तुला लावला. मनात धरू नको."

पंचफुला पदरानं डोळे पुसून वाकली आणि एका ओळीच्या कडेची माती अंगठ्यानं दाबून बघायला लागली. पाय पडलेल्या जागची माती घट्ट होती आणि नखानं उकरली तर खाली गारवा होता. पिवळ्या साळीखालची माती भुसभुशीत, आणि ओल पार खोल गेलेली.

लिंबाजीला हे सांगितलं तेव्हा तो हसला. आयुष्यभर त्यानं कोळपं मारून माती मोकळी ठेवली होती, त्याच्या बापानंही तेच केलं होतं. पीक तुडवा असं सांगणारं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं. पण तोही दुसऱ्या सकाळी एकटा जाऊन हिरवी पट्टी बघून आला, टाच रुतवून आला, आणि अंघोळीचं पाणी मागता मागता म्हणाला, "पोळ्यापर्यंत वावर तुमचं सासू-सुनांचं. तुडवा न्हाई तर नाचा. मंग मातर बैल माझे."

तुडवायलाही ओल लागते. कोरड्या मातीची धूळ तुडवून काय होणार? सरजाबाईनं शनिवार धरला, मारुतीला तेल घातलं. आणि मघाची एक सर आली. मोठी नव्हती, पागोळ्या धड सुरू व्हायच्या आत थांबली. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तिचं असणं-नसणं सारखंच. पण वरची माती तेवढी ओली झाली.

सर थांबताच सरजाबाई मालनबाईच्या दारात गेली. मालनबाई शेंगा फोडत होती. तिनं वर बघितलं आणि बस म्हणाली नाही. सरजाबाईनं उभ्यानंच सगळं सांगितलं. पंचमीला आलेल्या सगळ्या बाया पुन्हा हव्यात, आणि ह्या खेपेला साऱ्या वावरातून चालायचंय.

"म्हंजे पंचमीला नाचलो तर तोंड फुगवून बसलीस," मालनबाई म्हणाली, "आन आता घरी येऊन नाचायचं आवतन द्यायलीस."

"द्यायले."

"आन तुझ्या साळीला गाणं कोणतं पायजे, ते बी सांगून ठिव. मागून बोल नको."

सरजाबाई हसली, आणि मालनबाईनं शेंगांची पाटी बाजूला सारली.

बाया जमल्या. निंदणीला नेहमी सरजाबाईच्या जोडीला असणारी, बुद्धवाड्यातली कडूबाई आपल्या दोघी जावांना घेऊन आली. ती धुऱ्यावर आधीच सांगून मोकळी झाली, "नागोबाला आमी येत न्हाई बाई, ते सोडून दिलं. पर साळीसाठी येऊ." सरजाबाईनं तिला आपल्या शेजारच्या ओळीत घेतलं.

ओळीवर पाय द्यायचा नाही, दोन ओळींच्या मधून चालायचं, टाचेला बोटं टेकवत, एकही जागा सुटू द्यायची नाही. सुरुवातीला सगळ्यांना हसू येत होतं. मालनबाईचा तोल दोनदा गेला आणि दोन्ही वेळा तिनं दोष साळीला दिला. मग कुणीतरी पंचफुलाला गाणं म्हण म्हणालं. पंचफुलानं मान खाली घातली. सरजाबाई तीन ओळी पलीकडं होती. तिनं चालता चालताच सांगितलं, "म्हण गं. मला त्या दिवशी पुरतं ऐकाया मिळालं न्हाई."

पोरीनं आवाज लावला आणि पाय ठेक्यात पडायला लागले. दिवस मावळेपर्यंत खालचं सगळं वावर तुडवून झालं. वरच्या अंगाचा, चढाचा भाग राहिला. तिथली माती आधीच वाळली होती आणि बायाही थकल्या होत्या.

पुढचे काही दिवस सरजाबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालून वावरात जायची आणि परत येऊन कामाला लागायची. पंचफुला तिच्या चेहऱ्याकडं बघून समजायची. चौथ्या की पाचव्या दिवशी सरजाबाई परत आली आणि दारातच म्हणाली की चुलीवरचं खाली उतरव आणि चल. मधलं कोवळं पान, जे आजवर पांढरटच निघत होतं, ते हिरवं निघालं होतं. सगळीकडं नाही. कुठं चार रोपं, कुठं हातभर ओळ. पण नव्या पानाला हिरवा रंग होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी लिंबाजीनं बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळले. पोळा झाला. तो परत वावरात गेला, धुऱ्यावरून चालत पार वरपर्यंत जाऊन आला. मग वखर बाहेर काढला आणि फक्त चढाच्या, पिवळ्या राहिलेल्या भागावर घातला. खालच्या भागाशी बैल वळवले. बैल सोडताना तो सुनेला म्हणाला, "तुझा आवाज चांगला हाय गं. बैलबी थांबून ऐकतील."

पूर्वा नक्षत्र लागलं आणि महालक्ष्म्या बसल्या त्याच संध्याकाळी पाऊस परतला. हा पाऊस गडगडाट करत आला नाही. रात्रभर एकसारखा पडत राहिला आणि सकाळी ओढ्याचा आवाज घरात ऐकू आला. त्यानंतर दोन-तीन वेळा असाच आला. पाणी मिळाल्यावर राहिलेली पिवळी रोपंही सावरली. म्हणजे पायांनी किती वाचलं आणि पावसानं किती, याचा हिशेब कुणालाच मांडता आला नसता. सरजाबाईला तो मांडायचाही नव्हता. पाय नसते तर पाऊस येईपर्यंत त्या जागी वखर फिरलेला असता, एवढं तिला पुरेसं होतं.

उत्तरेत साळ निसवली, लोंब्या बाहेर पडल्या, आणि तिची झोप पुन्हा उडाली. साळीचा फुलोरा सकाळच्या उन्हात उघडतो. त्याच वेळी सर आली तर परागच धुऊन जातो, लोंबी वरून टवटवीत दिसते आणि आत फोल राहते. नणंद गेली त्या सालचं तिला डोळ्यापुढं दिसायला लागलं. पण पाऊस नको असं तरी कसं म्हणणार? शेजारी ज्वारी उभी होती, कापसाला बोंडं धरत होती, सगळा गाव पावसाची वाट बघत होता. शेवटी तिनं देव्हाऱ्यापुढं बसून फार जपून मागितलं. सकाळ तेवढी कोरडी दे, दुपार टळली की खुशाल पाड.

मालनबाईनं हे ऐकलं तेव्हा म्हणाली की देवालाही आता सरजाबाईच्या घड्याळानं चालावं लागणार. तरी तीही रोज सकाळी उठून आधी आभाळ बघायची, हे सरजाबाईनं बघितलं होतं. बहुतेक सकाळी ऊन पडलं. दोन दिवस सकाळीच झड लागली आणि त्या दोन दिवसांत सरजाबाईनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. पंचफुलानंही घेतलं नाही, पण ते तिनं सासूला कळू दिलं नाही.

दसऱ्यानंतर साळ कापली. पेंढ्या सुकवून दगडावर झोडपल्या, आणि एका सकाळी चांगला वारा सुटला तेव्हा लिंबाजी साळ उपणायला उंच तिवईवर चढला. पंचफुला खालून सुपं भरून देत होती. सरजाबाई तिवईच्या पायाशी, जिथं दाणा पडायचा तिथं, हातात झाडायचं फडं घेऊन बसली होती. लिंबाजीनं पहिलं सूप वाऱ्यावर धरलं. फोल उडून लांब धुऱ्याकडं गेलं. बरंच गेलं, नाही असं नाही. पण दाणा सरळ खाली आला, लालसर, भरलेला. सरजाबाईनं एक दाणा उचलून दाताखाली धरला. कट्कन वाजला.

"भरलाय का?" लिंबाजीनं वरून विचारलं.

तिनं मान हलवली, आणि हातातलं फडं बाजूला ठेवून दोन्ही तळवे दाण्याच्या ढिगात घातले, मनगटापर्यंत. ऊन पडलेलं होतं, वरचा दाणा कोमट होता आणि आतला गार. कितीतरी महिने छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी हळूच उचलून नेल्यासारखं वाटलं. लिंबाजी वर तसाच थांबला, सूप धरून, ती तोंड वर करीपर्यंत.

चांगल्या सालात जेवढी यायची त्याच्या निम्मी साळ आली. त्यातून पहिली ओंजळ वारुळापुढं गेली. घरच्या पेरणीपुरतं तिनं बाजूला काढलं. उरलेली कांडून दिवाळीला भात करावा, असं लिंबाजीच्या मनात होतं. पण सरजाबाईनं बायांना बोलावणं पाठवलं होतं. त्या आल्या आणि तिनं सूप पुढं ओढून एकेकीच्या पदरात ओंजळीनं साळ घालायला सुरुवात केली.

मालनबाईनं पदर पसरता पसरता सांगितलं की नाचाची बिदागी अशी कमी चालायची नाही. तिला दोन ओंजळी मिळाल्या. सरजाबाई प्रत्येकीला तेच सांगत होती. ही खायची नाही, पेरायची. थोडी का होईना, पेरायचीच. एकाच घरात एकच मडकं ठेवून वर्षभर जीव मुठीत धरायचा, हे आता तिच्यानं व्हायचं नव्हतं.

कडूबाई शेवटी आली. तिनं पदर पुढं केला आणि मग जरा थांबून म्हणाली, "आजून एक वंजळ मागू का, सरजाबाई? माझी लेक चारठाण्याकडं दिलीय. तिचं एक वाफंभर रान हाय. पर तिकडचा पाऊस येगळाच पडतो, हितं पडला की तितं न्हाई, तितं पडला की हितं न्हाई. येईल का तितं ही?"

सरजाबाईनं सूप जवळ घेतलं आणि ओंजळ नीट शिगोशीग भरली.

"येगळा पडतो म्हणूनच ने," ती म्हणाली. "हितं बुडलं तर तितं तरी राहील. आन लेकीला सांग, पावसानं ओढ दिली तर घाबरायचं न्हाई. शेजारपाजारच्या बाया गोळा करायच्या."